आपट्याची बिनतारी सहल

"काका, शनिवार-रविवार मोकळे आहांत ना? आपट्यास चला," असें आमच्या पुतण्यानें विचारलें, तेव्हां वनभोजनाचा कांहीं बेत असावा असें आम्हांस वाटलें. बेत वनभोजनाचाच होता, परंतु त्यास एक शेपूट होतें. पुतण्या ज्या हौशी बिनतारी मंडळाचा सभासद आहे, त्या मंडळानें नदीकांठीं तंबू ठोकून एका जागतिक स्पर्धेंत उतरावयाचें ठरविलें होतें. ठराविक वेळांत जगांतील शक्य तितक्या केंद्रांशीं आकाशमार्गें बोलावयाचें व झालेल्या भेटींची नोंद ठेवावयाची, अशी ती स्पर्धा. आमची हयात शाळेंत संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत गेली. विजेशीं आमचा संबंध दिवा लावण्या-मालविण्यापुरता. "तेथें आमचें काय काम?" असें आम्हीं विचारलें. "तुम्ही शुद्धलेखन तपासा," असें उत्तर आलें. आम्हीं तो विनोद समजलों; तो विनोद नव्हता हें दुसऱ्या दिवशीं कळलें.

सन २०२४ च्या ऑक्टोबरचा हा अखेरचा शनिवार, तारीख २६. सोमवारीं वसुबारस, आणि घरांत चकल्यांची भाजणी दळून आलेली. अशा वेळीं घरच्या कर्त्या पुरुषानें दोन दिवस नदीकांठीं जाऊन बसावें हें आमच्या सौभाग्यवतीस रुचलें नाहीं, आणि तिचें चुकलें असेंही आम्ही म्हणत नाहीं. शेवटीं तीही बरोबर निघाली, तेव्हां प्रश्न मिटला.

पनवेलहून रोह्याच्या गाडींत बसलें म्हणजे सोमाटणें, रसायनी आणि मग आपटा. स्थानक लहान, पण त्याचें भाग्य मोठें. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या बोलपटांतील शेवटची, धांवत्या गाडीची प्रसिद्ध घटना येथेंच चित्रित झाली. तो बोलपट आम्हीं पाहिला नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. फलाटावर उतरल्यावर पश्चिमेस कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि गांवाच्या कडेनें पाताळगंगा वाहते. ही नदी उन्हाळ्यांतही आटत नाहीं याचें कारण घाटांत आहे. खोपोलीस १९१५ त टाटांचें वीजगृह सुरू झालें. तेथें चक्रें फिरवून मोकळें झालेलें पाणी हिच्या पात्रांत येतें. पाताळांतील गंगा म्हणावयाचें, पण निम्मी ती डोंगरमाथ्यावरच्या तलावांची लेक आहे.

गांवाचें नांव झाडावरून पडलें असावें. दसरा होऊन पंधरा दिवस झालेले. त्या दिवशीं आपण सोनें म्हणून जीं पानें वांटतों तीं याच झाडाचीं. आपट्यास संस्कृतांत अश्मंतक म्हणतात. मंडळांतील एका लहान मुलीनें आम्हांस कौत्साची गोष्ट विचारली, ती आम्हीं गाडींतच सांगितली. वरतंतूनें चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि मागितले, कौत्स रघूकडे आला, आणि कुबेरानें सुवर्णाची वृष्टि केली. ही कथा रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत आहे. परंतु कालिदासाचें सोनें राजाच्या कोषागारांत पडतें, झाडावर नव्हे. आपट्याचें झाड लोकांनीं तोंडोतोंडीं मागाहून जोडलें. एका तोंडांतून दुसऱ्या कानांत जातांना गोष्ट कशी पालटते याचें हें गोड उदाहरण झालें. कडू उदाहरणही आमच्याजवळ आहे. तें पुढें येईल.

एका स्नेह्याच्या वाडींत आंब्याखालीं बिऱ्हाड थाटलें. बायकांनीं चूल मांडली; पुरुषांनीं मांडण्यापेक्षां सूचना अधिक केल्या. मुलांनीं दोरीस दगड बांधून तो उंच फांदीवरून पलीकडे टाकण्याचा सपाटा लावला. सातव्या खेपेस तो गेला, आणि त्या दोरीनें एरियल वर चढलें. हल्लीं त्यास अँटेना म्हणतात. आम्हांस वाटलें होतें, एखादें अवजड लोखंडी प्रकरण असेल. निघाली ती साधी तांब्याची तार, मध्यें तोडून दोन्ही बाजूंस सारखी पसरलेली. ती नेमकी दहा मीटर कां, असें आम्हीं विचारतांच पुतण्यानें आमच्याकडूनच हिशेब करविला. बिनतारी लहर प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें तीस कोटि मीटर जाते. यंत्र सेकंदास एक कोटि बेचाळीस लक्ष आंदोलनें करतें. भागाकार करतां एक लहर एकवीस मीटरांची आली, तिची अर्धी साडेदहा. आणि तारेच्या टोंकांचा जो परिणाम होतो त्यापायीं शेंकडा पांच वजा केले कीं दहा मीटर. त्रैराशिकाचा असा उपयोग आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं कधीं दाखविला नाहीं, याची खंत वाटली.

यंत्र एका मोटारीच्या बॅटरीवर चालत होतें, आणि ती बॅटरी उन्हांत ठेवलेल्या सौर पत्र्यानें भरत होती. गांवांत वीज असतां हा खटाटोप कशाला? याचें उत्तर एका वयस्क सभासदानें दिलें. हे गृहस्थ तारखात्यांतून निवृत्त झालेले. मंडळांत त्यांस सर्व जण तारमास्तर म्हणतात. ते म्हणाले, "वीज आहे तोंवर सर्वांनाच बोलतां येतें. वीज गेल्यावर काय, त्याची ही तालीम." अमेरिकेंत हौशी मंडळी १९३३ पासून दरवर्षीं जूनमध्यें अशीच रानांत जाऊन, घरची वीज सोडून, दोन दिवस केंद्रें चालवितात. आपल्याकडे जूनमध्यें रानांत तंबू ठोकणें म्हणजे पावसास आमंत्रण. म्हणून या मंडळानें दसरा-दिवाळीचा मुहूर्त धरला, आणि त्याच दिवसांत ही स्पर्धाही येते.

स्पर्धा एका अमेरिकन मासिकानें १९४८ त सुरू केलेली आहे. आपल्या घड्याळानें शनिवारीं पहांटे साडेपांचास आरंभ, आणि सोमवारीं पहांटे तितक्याच वाजतां शेवट. पृथ्वीचे चाळीस विभाग पाडले आहेत. भारत बाविसाव्यांत येतो. एक केंद्र दुसऱ्यास हांक मारतें, दोघे परस्परांचें सांकेतिक नांव नीट ऐकून घेतात, आवाज कसा येतो त्याचे आंकडे व आपला विभाग सांगतात, आणि संपलें. भारतांतून बोलणारा दोन दिवस "फाइव्ह नाइन टू टू" एवढाच मंत्र जपत असतो. दुसऱ्या खंडांतील केंद्र भेटलें तर तीन गुण, आपल्याच खंडांतील परदेशाचें असेल तर एक, आणि स्वदेशीयाबद्दल शून्य; नव्या देशाचा व नव्या विभागाचा गुणाकार निराळा. घरच्या माणसांस शून्य गुण देणारी ही रीत आमच्या सौभाग्यवतीस फार ओळखीची वाटली.

पहिला तास आम्हीं नुसतें ऐकलें. यंत्रांतून जें येत होतें तें बोलणें नव्हे, कालवा होता. जणूं शेंकडों माणसें एकाच विहिरींत उतरून ओरडत आहेत. त्यांतून मंडळांतील एक गृहिणी एकेक नांव वेंचून काढीत होत्या. डोळे मिटलेले, एक हात कानावरच्या यंत्रावर, दुसऱ्यानें लिहिणें चाललेलें. तांदूळ निवडतांना जी नजर लागते ती त्यांच्या कानांत होती. एखादें अक्षर संशयित वाटलें तर त्या पुन्हां विचारीत, आणि पलीकडचा जपानी अथवा रशियन 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' अशा ठरलेल्या शब्दांनीं तें फोडून सांगे. आम्हीं विचारलें, "इतकी छाननी कशास? अर्धवट ऐकूं आलें तरी अंदाजानें लिहितां येईल." त्या म्हणाल्या, "आजोबा, दोघांच्या वह्या मागाहून ताडून पाहतात. एक अक्षर चुकलें कीं ती भेट रद्द, वर दंडही."

हें ऐकून आम्हांस आमच्या वेदपाठी गुरुजींची आठवण झाली. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं घनपाठ ऐकलेला असेल. पहिला शब्द व दुसरा, दुसरा व पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हां पहिला-दुसरा-तिसरा. लहानपणीं हा आम्हांस निव्वळ जाच वाटे. परंतु ज्यांच्याजवळ लिहिलेला कागद नव्हता, त्यांनीं एक मात्राही न हलतां ग्रंथ पुढच्या पिढीस पोंचविण्याकरितां योजलेली ती युक्ति आहे. शब्द उलटा-सुलटा तपासल्याशिवाय पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं. त्या गृहिणी नेमकें हेंच करीत होत्या. येथें एक इशारा दिला पाहिजे. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला म्हणून प्राचीनांस बिनतारी विद्या ठाऊक होती, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. आमच्या ओळखींत असे उत्साही पुरुष आहेत. या लहरी म्हणजे शब्द नव्हेत. शब्द यंत्रांत शिरतो, लहरींवर बसून जातो, आणि पलीकडच्या यंत्रांत पुन्हां शब्द होतो.

त्या जातात कशा, तें सायंकाळीं समजलें. जमिनीपासून तीनशें किलोमीटरांच्या आसपास, सूर्याच्या अतिनील किरणांनीं विद्युन्मय झालेला विरळ हवेचा थर आहे. लहर तेथून वळून खालीं येते, जमिनीवरून पुन्हां वर जाते, आणि अशा उड्या घेत पृथ्वीची गोलाई ओलांडते. सूर्यावरील डागांचें चक्र सुमारें अकरा वर्षांचें. २०२४ सालीं तें शिखराजवळ होतें, त्यामुळें शंभर वॅटच्या यंत्रासही दूरचे देश सुलभ झाले होते. सकाळीं जपान ऐकूं येत होता. दिवेलागणीस युरोपचें दार उघडलें. इटली, पोलंड, फिनलंड एकामागून एक येऊं लागले. बाहेर नदीवर काळोख उतरत होता, चुलीवर वालाच्या बिरड्याचा वास सुटला होता, आणि तंबूंत एक चौदा वर्षांचा मुलगा फिनलंडच्या माणसास शांतपणें "पुन्हां सांगा" म्हणत होता. जेवावयास बोलाविलें तर कोणी उठेना. अखेर पाळीपाळीनें जेवणें झालीं. बिरडें व आमसुलाचें सार तीन वेळां ऊन करावें लागलें.

जेवणानंतर तारमास्तरांनीं या छंदाचा इतिहास सांगितला. दुसरें महायुद्ध सुरू होतांच १९३९ त सरकारनें हौशी केंद्रांचे परवाने बंद केले. तरी ती विद्या मेली नाहीं. १९४२ च्या चळवळींत, २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर, मुंबईंत जागा बदलीत गुप्त काँग्रेस रेडिओ चालला. उषा मेहता त्या वेळीं बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. आणि यंत्र उभें करण्यांत नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीज्ञाचा हात होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ त महू येथें देशांतील हौशी मंडळींची संस्था स्थापन झाली. आज हें केंद्र चालवावयाचें तर सरकारी संचार खात्याची परीक्षा द्यावी लागते, आणि या लहरींवरून व्यापार वा राजकारण चालत नाहीं. मग उपयोग काय? तारमास्तरांनीं अंदमानचें नांव घेतलें. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद या बाई कांहीं सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला हौसेनेंच केंद्र चालवीत होत्या. २६ तारखेस समुद्र चढून आला. बेटांचें दळणवळण तुटलें. त्याच क्षणापासून तें हौशी केंद्र निरोपांचें केंद्र झालें. बेटावरील माणसांची खुशाली त्यांच्या नातलगांस त्या लहरींवरून कळूं लागली.

आम्ही यावर गप्प बसलों, याचें कारण सांगतों.

आमची थोरली बहीण श्रीवर्धन तालुक्यांत एका वाडींत राहते. वय सत्तरीच्या पुढें, एकटी. सुपारीची बाग सोडून ती कोणाकडे येत नाहीं. ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आदळलें. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि त्यांत करोनाची टाळेबंदी. तीन दिवस आम्हांस कांहींच कळेना. चवथ्या दिवशीं सायंकाळीं निरोप आला. वाडींतला एक मुलगा रेंज मिळेल त्या टेकडीपर्यंत गेला; त्यानें एकास सांगितलें, त्यानें दुसऱ्यास, आणि त्यानें पनवेलास आम्हांस फोन केला. फोन खरखरत होता. ऐकूं आलें तें इतकेंच: "छप्पर गेलें. ताई गेल्या."

पुढें आवाज तुटला. आम्हीं स्नान केलें. सौभाग्यवतीनें देवापाशीं दिवा लावला, आणि ती रात्र आम्हीं दोघांनीं बसून काढली. जातां येण्यासारखें नव्हतें. कोणास विचारावें तें माणूसही नव्हतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां फोन आला. ताई शेजारीं गेल्या होत्या. छप्पर उडालें म्हणून शेजाऱ्यांच्या घरीं त्या मुक्कामास गेल्या, आणि फोन आला त्या वेळीं तेथें सर्वांसाठीं पिठलें करीत होत्या. वाटेंत एक शब्द गळला होता. मुलानें सांगितलें होतें बरोबर. मधल्यांपैकीं कोणीही खोटें बोललें नव्हतें. सूर्योदयापूर्वीं आम्हांस काय काय वाटून गेलें, तें येथें लिहिणें नको.

ही हकीकत त्या रात्रीं आपट्यास आम्हीं प्रथमच परक्यांपुढें सांगितली. तारमास्तर बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "उद्यां दहाला स्पर्धा तासभर बंद."

सकाळीं यावरून रण माजलें. पूर्वेकडील केंद्रें जोरांत येण्याचा तोच वेळ. तरुण मंडळींस एकेक मिनिट सोन्याचें. "कवाईत संध्याकाळीं घेऊं" असें आमच्या पुतण्यानेंही म्हटलें. तारमास्तर म्हणाले, "वादळ तुमची सोय पाहून येत नाहीं." हें आम्हांस पटलें, परंतु दोन दिवसांची मेहनत ऐन रंगांत थांबविणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयीं मुलांच्या मनांत काय येतें, हेंही शिक्षकास ठाऊक असतें. दहा वाजतां यंत्राचा आवाज बंद झाला, आणि एक मुलगा उघड रुसून नदीकडे निघून गेला. आपट्याहून फार दूर नसलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली होती. मोटारीचा रस्ता नाहीं, मदतीस जाणारे पायीं चढले. तारमास्तरांनीं तें नांव नुसतें उच्चारलें, तेव्हां बाकीचे निमूट कामास लागले.

हातांतील लहान यंत्रें घेऊन तीन टोळ्या झाल्या: एक तंबूंत, एक टेकाडाच्या पलीकडे, एक स्थानकाजवळ. या लहान यंत्राच्या लहरी सरळ रेषेंत जातात, टेकाड आडवें आलें कीं थांबतात. म्हणून मधल्या टोळीनें निरोप घेऊन पुढें द्यावयाचा. निरोप कोणता, असें विचारतां सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं कागदावर लिहिलें: "छप्पर गेलें. ताई शेजारीं गेल्या. सुखरूप." तारमास्तरांनीं वर आंकडा घातला: शब्द सहा. तारखात्याची ही जुनी शिस्त. शब्द मोजून धाडावयाचे, घेणाऱ्यानें मोजून घ्यावयाचे. कमी भरले तर सही करावयाची नाहीं. सरकारी तार २०१३ च्या जुलैंत बंद झाली, पण तिचें हें व्याकरण बिनतारी लोकांनीं जतन केलें आहे. चार वर्षांपूर्वीं त्या टेकडीवरच्या फोनवर कोणी 'शब्द सहा' एवढें म्हटलें असतें तर!

निरोप निघाला. स्थानकावरच्या मुलीनें सहा शब्द मोजून घेतले व रिवाजाप्रमाणें उलट वाचून दाखविले. आंकडा बरोबर होता. परंतु ती वाचीत होती: "ताई शनिवारीं गेल्या." तंबूंत एकदम शांतता झाली. मोजणी पुरी पडत नाहीं. उलट वाचलें म्हणूनच चूक सांपडली. तारमास्तर म्हणाले, "चवथा शब्द फोडून द्या." इंग्रजी अक्षरांस 'अल्फा, ब्राव्हो' आहेत, मराठीस काय? मधल्या टोळींतल्या मुलानें क्षणभर विचार केला, आणि अंकलिपीच उघडली: "शहामृगाचा श, त्यास मात्रा. जहाजाचा ज, त्यास काना. रथाचा र, त्यास दुसरी वेलांटी." पलीकडून हंसणें ऐकूं आलें, आणि मग शब्द आला: शेजारी.

आम्हीं शुद्धलेखन तपासावयास बसलों होतों, म्हणून अनुस्वार गळल्याबद्दल अर्धा गुण कापला. ती मुलगी परत आल्यावर म्हणाली, "आजोबा, तो अनुस्वार सरकारनें १९६२ सालींच काढला." गोष्ट खरी आहे. आमच्या वडिलांनीं आम्हांस लिहावयास शिकविलें, त्यामुळें आमच्या लेखणींतून तो अजून जात नाहीं. अर्धा गुण आम्हीं परत दिला.

अकरा वाजतां स्पर्धा पुन्हां सुरू झाली. रुसलेला मुलगा परत आला, आणि गेलेला तास भरून काढावयाचा म्हणून तोंडांत दडपे पोह्यांचा घांस असतांनाच हांका देऊं लागला. दुपारीं तंबू उतरले. भेटी दीडशेंच्या वर झाल्या होत्या. त्यांतील किती खऱ्या ठरल्या तें वह्या ताडून झाल्यावर कळावयाचें होतें. आंब्याच्या फांदींत अडकलेला दोरीचा एक तुकडा तेथेंच राहिला.

स्थानकावर लिहून घेतलेला तो निरोप, चवथ्या शब्दावर काट मारून दुरुस्त केलेला, मुलीनें आम्हांस दिला. दिवाळींत आम्हीं तो ताईकडे टपालानें धाडला. भाऊबीजेस तिचा फोन आला. नवें छप्पर आतां चवथा पावसाळा काढून बसलें आहे, सुपारीचीं नवीं रोपें कमरेएवढीं झालीं आहेत, असें सांगून ती म्हणाली, "अरे, तारेस शब्दागणिक पैसे पडत. 'सुखरूप' आधीं लिहिलें असतेंस, तर बाकीचे पांच कशाला हवे होते?"